ऑल्वेज कुठे बसवायचं?

दादरला संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. औषधाच्या दुकानात काम करणारे, सोसायटीचे मॅनेजर, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया असे सगळे असतात. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधीच्या आम्हा सगळ्यांची एबीसीडी पाचवीत उघडली. त्यामुळे अडतं कुठे ते मला बसल्या जागी ओळखता येतं. तरी एक प्रश्न वर्गात, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत कुठेही येतो: "मॅडम, ते ऑल्वेज नक्की कुठे बसवायचं? क्रियापदाच्या आधी की नंतर?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

नियम छोटा आहे. ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम, रेअरली, नेव्हर ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: 'आय ऑल्वेज टेक द स्लो ट्रेन.' क्रियापद ॲम, इज, आर, वॉज, वेअर असेल तर त्याच्या नंतर: 'द स्लो ट्रेन इज ऑल्वेज लेट.' हॅव, कॅन, विलसारखं साहाय्यकारी क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: 'आय हॅव नेव्हर बीन टू माथेरान.' प्रश्नात कर्त्याच्या मागोमाग: 'डू यू ऑफन वर्क ऑन संडेज?' एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, वन्स अ मंथ असे लांबलचक शब्दसमूह मात्र वाक्याच्या शेवटी टाकायचे, फार तर सुरुवातीला. मधे घुसवायचे नाहीत. समटाइम्स आणि युज्वली सुरुवातीलाही चालतात. ऑल्वेज आणि नेव्हरने वाक्य सुरू होतं ते सहसा आज्ञेत: 'नेव्हर क्रॉस द ट्रॅक्स.' 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड' हेही बरोबर आहे, पण ते भाषणात शोभतं. दादरच्या पुलावर कोणी असं बोलत नाही.

झालं. आणि खरं सांगू का, ही जागा चुकली तरी फारसं बिघडत नाही. 'ऑल्वेज आय टेक स्लो ट्रेन' म्हटलंत तरी समोरच्याला कळतं. बिघडतं ते दोन ठिकाणी, आणि तिथलं मला कोणी विचारत नाही.

पहिलं ठिकाण काळाचं. 'आय ॲम गोइंग टू ठाणे डेली.' मुंबईत हे इतकं ऐकू येतं की कानाला खटकतही नाही. मला वाटतं 'आय गो' फार तोकडं वाटतं लोकांना. 'ॲम गोइंग' म्हटलं की इंग्रजी बोलल्यासारखं वाटतं. पण रोजच्या, ठरलेल्या गोष्टीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो. आणि इथे आपली बोली मराठी मदतीला धावून येते. 'मी ठाण्याला जातो' आणि 'मी ठाण्याला जातोय' यातला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला का? जातो हे रोजचं, म्हणून गो. जातोय हे आत्ताचं, म्हणून ॲम गोइंग. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा; शेवटी 'य' ऐकू आला तरच आयएनजी लावा. (घरातून निघताना आपण 'येतो हं' म्हणतो, तो येतो वेगळा. त्याला हा हिशोब लावू नका.) शिवाय ही, शी, इट असेल तर क्रियापदाला एस हवा. मधे ऑल्वेज आलं की तो एस हमखास गळतो: 'शी ऑल्वेज गो.' तिथे गोजच.

मग कोणीतरी हुशार विद्यार्थी हात वर करतो: "पण 'ही इज ऑल्वेज लूझिंग हिज कीज' असं मी ऐकलंय." बरोबर ऐकलंय. त्यात कुरकुर आहे. 'तो नेहमी चर्चगेटला उतरतो' ही माहिती झाली. 'तो सारखा किल्ल्या हरवत असतो' ही तक्रार. सारखा म्हणावंसं वाटलं की इंग्रजीत ऑल्वेज आणि आयएनजी एकत्र आणा. मात्र मुलाखतीत 'माय बॉस इज ऑल्वेज कॉलिंग मी' म्हणालात, तर तुम्ही जुन्या साहेबाला नावं ठेवताय असं समोरचा समजेल. कदाचित ठेवतही असाल.

दुसरं ठिकाण नकाराचं. आपण म्हणतो, 'मी कधीच उशिरा येत नाही.' कधीच आहे आणि नाहीसुद्धा आहे. इंग्रजीत नेव्हरच्या पोटात नाही आधीच असतं, म्हणून दुसरा नकार नको. 'आय नेव्हर डोन्ट कम लेट' याचा शब्दशः अर्थ होतो, मी दर वेळी उशिराच येतो! 'आय नेव्हर कम लेट' एवढंच पुरे. सेल्डम, रेअरली, हार्डली एव्हर यांचंही तसंच. ऑल्वेजबरोबर नकार आला तर क्रम सांभाळा: 'आय डोन्ट ऑल्वेज ट्रॅव्हल फर्स्ट क्लास' म्हणजे कधी जातो, कधी नाही. समटाइम्स मात्र डोन्टच्या आधी येतं: 'आय समटाइम्स डोन्ट हॅव लंच.'

आकड्यांचं म्हणाल तर औषधाच्या दुकानातल्या माझ्या विद्यार्थ्याला ते सगळ्यांत सोपं जातं, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिवसभर तो हेच वाचतो, तेही लॅटिनमधून आलेलं. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तर. त्याला ट्वाइस अ डे, थ्री टाइम्स अ डे शिकवावंच लागलं नाही. थ्राइस आपल्याकडे सर्रास चालतं. इंग्लंड-अमेरिकेत आता ते जुनाट वाटतं. दिवसाआडला एव्हरी अदर डे. पंधरवड्याला फोर्टनाइट वापरायला हरकत नाही, पण अमेरिकन गिऱ्हाईक असेल तर एव्हरी टू वीक्स म्हणा. बायवीकली तर टाळाच: शब्दकोशात त्याचे 'आठवड्यातून दोनदा' आणि 'दोन आठवड्यांतून एकदा' असे दोन्ही अर्थ दिलेले असतात, आणि मग पगाराच्या तारखेवरून भांडणं होतात.

उरलं ऑफन. त्यातला टी म्हणायचा की नाही, हाही प्रश्न ठरलेला. लिसनमध्ये टी गप्प असतो तसा इथेही पुष्कळांच्या तोंडी गप्प असतो, आणि पुष्कळजण तो म्हणतातही. शब्दकोशांत दोन्ही उच्चार आहेत. तुमच्या जिभेला जमेल तो घ्या.