कायम चार्जरवर असलेल्या हॉटस्पॉटची बॅटरी फुगली तेव्हा

घरातल्या इंटरनेटसाठी आम्ही जवळपास चार वर्षे सिमकार्डावर चालणारे एक लहान हॉटस्पॉट उपकरण वापरत होतो. प्रवासात खिशात बाळगता यावे म्हणून बनवलेले हे उपकरण आम्ही पुस्तकांच्या कपाटात, वरच्या खणात, चार्जरला जोडून ठेवून दिले होते आणि त्याला राउटरच म्हणत होतो. त्याच्या आत बॅटरी आहे, ही गोष्ट कालांतराने आमच्या डोक्यातून साफ निघून गेली होती. एके दिवशी धूळ पुसताना ते फळीवर डुगडुगले, म्हणून उलटे करून पाहिले, तर मागचे झाकण एका बाजूने खाचेतून सुटले होते आणि आतली चपटी बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती. आईने लगेच अंगठ्याने दाबून झाकण बसवायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला खरा, पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग चार्जरची वायर काढली, आणि उपकरण कपाटातल्या कागदांपासून दूर, उघड्या फरशीवर तासभर तसेच राहू दिले. ते कोमट होते. वास येत नव्हता. गोडसर, रंगाच्या पातळकासारखा वास आला असता तर बॅटरीचे आवरण फाटून आतले द्रव बाहेर येत आहे असे समजून मी तिला हातही लावला नसता. आमची बॅटरी सुटी निघणारी होती आणि फुगल्यामुळे झाकणासह स्वतःच वर आली होती. ती गोंदाने चिकटवलेली असती तर उचकटून काढण्याच्या फंदात न पडता अख्खे उपकरणच बाजूला ठेवले असते. तिच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावली, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ती ठेवली, आणि डबा गच्चीच्या सावलीतल्या कोपऱ्यात नेला. वायू बाहेर पडायला वाट हवी, म्हणून झाकण नुसते वर टेकवले.

ओळखीच्या मंडळींकडून सल्ले लगेच आले: सुईने भोक पाडून हवा काढ, मिठाच्या पाण्यात बुडव, फ्रीजरमध्ये ठेव. यातला पहिला सल्ला सर्वांत धोक्याचा. बॅटरीतल्या दोन ध्रुवांना एकमेकांपासून अलग ठेवणारा पडदा प्लॅस्टिकचा असतो आणि केसापेक्षाही पातळ असतो. तो सुईने भेदला गेला किंवा दाबल्याने चुरगळला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते, त्या उष्णतेने पुढची रासायनिक अभिक्रिया सुरू होते आणि तिची उष्णता आणखी भर घालते. पडद्यातले पॉलिएथिलीन साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते, आणि भोवतीचे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतले द्रव, तर ज्वलनशील द्रावकांचेच बनलेले असते.

मला पडलेला खरा प्रश्न वेगळा होता. जी बॅटरी आम्ही जवळजवळ वापरलीच नाही, ती खराब झालीच कशी? वाचल्यावर समजले की न वापरणे हेच मुळी कारण होते. नेहमीचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. मोबाइलमध्ये तो भरतो आणि उतरतो; आमच्या उपकरणात मात्र तो वर्षानुवर्षे काठोकाठ भरलेलाच राहिला, तोही बंद कपाटात, शेजारी तापणाऱ्या, सिग्नल पाठवणाऱ्या रेडिओ चिपसह. पूर्ण भरलेली स्थिती आणि उष्णता एकत्र आल्या की इलेक्ट्रोलाइटचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतात. दंडगोल सेलच्या टोपणात दाब सोडणारी झडप असते, पण पातळ पिशवीसारख्या सेलला तशी सोय नसल्याने तो फुगतो. आत बसवलेले संरक्षक सर्किट मर्यादेपलीकडचे चार्जिंग थोपवते. असे झिजणे थोपवणे त्याच्या आवाक्यातले नाही. गेले काही महिने वीज जाताच उपकरण दहा मिनिटांत बंद पडत होते, याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

यानंतर कंपनीच्या ग्राहक कक्षाशी बोलण्याचे सोपस्कार झाले, आणि तो भाग सर्वांत कंटाळवाणा होता. हमीची मुदत संपली असल्याचे प्रत्येकाने सांगितले. मॉडेल आणि बॅच क्रमांक देऊन हे उपकरण सुरक्षिततेच्या कारणाने परत मागवलेल्यांपैकी आहे का, असे मी विचारले, कारण अशा परत मागवणीचा हमीशी संबंध नसतो. उत्तर तिसऱ्या फोनला मिळाले आणि ते नकारार्थी होते. मधल्या एका कर्मचाऱ्याने तर बॅटरी तपासणीसाठी कुरिअरने पाठवायला सांगितले. सदोष किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे आणि साध्या पार्सलात ती घालणे म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात धोका अडकवणे आहे, हे ग्राहकाने कंपनीला समजावून सांगावे लागते, याचे मला अजूनही नवल वाटते.

बॅटरीविना ते उपकरण सुरूच होत नव्हते, म्हणून नवी बॅटरी शोधली. दुकानदाराने त्याच मापाची एक पुढे केली आणि ‘बसते ना, मग चालेल’ असे सांगितले. लेबल वाचले तर जुन्या बॅटरीवर ३.८ व्होल्ट आणि कमाल ४.३५ व्होल्ट असे छापलेले होते, तर नवीवर ३.७ आणि ४.२. उपकरणाने नव्या बॅटरीला जुन्याच मर्यादेपर्यंत भरत नेले असते, तर ती पहिल्या दिवसापासून क्षमतेपेक्षा जास्त भरली गेली असती. मी ती परत केली आणि जुन्या उपकरणाचा नादच सोडला.

आता घरात बॅटरी नसलेला साधा राउटर आहे आणि वीज गेल्यावर त्याला पुरवठा करणारा लहान यूपीएस वेगळा आहे. यूपीएस निवडताना आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत ना, एवढेच मी काटेकोरपणे पाहिले. या सेलचे सर्वसाधारण व्होल्टेज ३.२ असते आणि बिघाड झाला तरी ते तुलनेने कमी उष्णता बाहेर टाकतात, अर्थात ते जळूच शकत नाहीत असे नाही. दोन्ही वस्तू उघड्या फळीवर ठेवल्या आहेत आणि यूपीएसच्या पाठीवर मार्करने खरेदीचा महिना लिहिला आहे.

डब्यातली बॅटरी मात्र आणखी दोन आठवडे गच्चीवर होती. ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, कारण कचरागाडीत कचरा दाबला जातो. पहिल्या संकलन केंद्राने फुगलेली बॅटरी घ्यायला नकार दिला. दुसऱ्या केंद्रात जाण्यापूर्वी फोन करून ती फुगलेली आहे हे स्पष्ट सांगितले, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ‘वाळूसकट आणा’ एवढेच म्हटले. त्यांनी तो डबा आहे तसा एका मोठ्या पिंपात ठेवला. डबा परत मागायचे माझ्या मनातही आले नाही.