तीच रेषा, दुसरा तास

मी गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही शिकवते. गणितात रेषेचा चढ झटकन काढणारी मुलं, पुढच्याच तासाला वेग-काल आलेखावरून त्वरण (वेग बदलण्याचा दर, म्हणजे तिथल्या रेषेचा चढच) काढा म्हटलं की गप्प होतात. रेषा तीच, फक्त अक्षांची नावं बदललेली!

१९८० मध्ये गिक आणि होलिओक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातही हेच दिसलं. लोकांना एक कोडं दिलं; आधी वाचलेल्या गोष्टीत त्याच्या उत्तराची किल्ली होती, पण कुणी सुचवल्याशिवाय बहुतेकांना ती वापरायचं सुचलं नाही.

म्हणून मी सूत्र नंतर देते. आधी दोन आलेख शेजारी-शेजारी काढते, एक वेगाचा, एक टाकीत चढणाऱ्या पाण्याचा. ‘दोन्हींत सारखं काय?’ एवढंच विचारते. वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, पडू दे. परवा एकीने विचारलं, “मॅडम, रेषा वाकडी असेल तर चढ कुठे मोजायचा?” उद्याचा अख्खा तास त्याच प्रश्नाला.