पुढे निघून गेलेला सायकलवाला खरंच जास्त फिट असतो का?

रोज सायकलने कामाला जाणाऱ्यांना हे माहीत असेल, पुढे कोणी सायकलवर दिसलं की पाय आपोआप जोर लावायला लागतात आणि मागून कोणी सुसाट निघून गेलं की पुढचे दोन सिग्नल डोक्यात तेच चालू असतं. मला यात काही वाईट वाटत नाही, मजा येते, रस्ता पटकन संपतो. पण एवढ्यावरून "माझा स्टॅमिना कमी पडतोय" असं ठरवून नाराज होणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं, कारण त्या रेसमधून फिटनेस फारसा कळतच नाही.

सपाट रस्त्यावर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. आणि वेग वाढला की हे गणित फार झपाट्याने बिघडतं, ताशी २० वरून २५ वर जायचं तर फक्त हवेसाठीच जवळपास दुप्पट वॅट लागतात. म्हणजे एक जण वाकून रोड बाइकवर आणि दुसरा ताठ बसून जाड टायरच्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर), पाठीला लॅपटॉपची बॅग, तर दोघांचा दम सारखा असला तरी पहिलाच पुढे जाणार ना! ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनचं उदाहरण मला फार आवडतं. त्याने १९९६ मध्ये एका तासात ५६.३७५ किमी मारले, हात पुढे ताणून, खास सायकलवर. मग २००० मध्ये जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलवर ४९.४४१. चार वर्षांनी वय वाढलं होतं हे धरलं तरी माणूस तोच आणि फरक जवळपास सात किलोमीटरचा!!

शिवाय समोरचा घरातून आत्ताच निघालाय की तासभर चालवून आलाय, आज त्याचा आरामाचा दिवस आहे का, मागच्या चाकात मोटर आहे का, हे आपल्याला कुठे माहीत असतं.

चढावर मात्र तुलना थोडी खरी होते. वेग कमी झाल्यामुळे हवेचा भाग घटतो आणि वजनाच्या मानाने तुम्ही किती ताकद लावू शकता तेच उरतं. तरी तिथेही मला दुसऱ्यापेक्षा स्वतःशी तुलना जास्त कामाची वाटते, तोच चढ, तीच सायकल, साधारण तेवढाच वेळ आणि वर पोचल्यावर नाडी किती. तेवढ्याच वेळात चढून नाडी पूर्वीपेक्षा कमी राहत असेल, थांबल्यावर मिनिटभरात भराभर उतरत असेल, तर फिटनेस वाढतोय, मग कोणी कितीही पुढे जाऊ दे.

दुसऱ्यांकडे बघायचंच तर ते चालवतात कसं ते बघा. माझ्या रस्त्यावर एक काकू भेटतात, सपाटीवर त्यांना सगळे मागे टाकतात. पण चढ सुरू व्हायच्या जरा आधीच त्या हलका गिअर टाकतात, बसूनच राहतात, खांदे अजिबात हलत नाहीत, पाय एका लयीत भरभर फिरत राहतात. आणि अर्ध्या चढावर उभे राहून जड गिअर रेटणारे एकेक जण त्यांच्या मागे पडत जातात. मीही आता चढाच्या आधीच गिअर बदलतो, गुडघ्यांवरचा ताण बराच कमी झालाय आणि वर पोचल्यावर काकूंशी दोन शब्द बोलण्याइतका दम उरतो.