तुम्ही विचारलंत म्हणून: मी गाडीला हात का लावत नाही

नवी पोरं आडून विचारतात, बरोबरीचे तोंडावर. एका साहेबांनी तर चारचौघांत विचारलं होतं, "काय, आता हात काळे करायची लाज वाटते का?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो, परत विचारू नका.

लाज वगैरे काही नाही. नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही. लष्करी वर्कशॉपमध्ये अठरा जणांची टीम हाती आली तेव्हा मी दिवसभर गाडीखालीच असायचो. गिअरबॉक्स उतरवायला तिघं लागत असतील तर चौथा मी. कोणाचा बोल्ट अडला की "सरक" म्हणायचो आणि टॉमी हातात घ्यायचो. काम झटपट, पोरं खूश, साहेब खूश. याला मी टीम चालवणं म्हणत होतो. मी गाडीखाली असताना कोण दुसऱ्याच गाडीचा पंप काढून लावतोय, कोण नुसत्या जॅकच्या भरवशावर, स्टँड न लावता गाडीखाली शिरलाय, हे बघायला मात्र कोणीच नसायचं.

आता ती रात्र. पहाटे ५ वाजता ताफा निघायचा होता. एका ट्रकचं मागचं डावं चाक ब्रेक लायनिंगसाठी उतरवलं होतं, ते चढवायचं काम एका पोराकडे होतं. वर्कशॉपमध्ये येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. बोलणं कमी, हात नेमका. १० नट. आधी समोरासमोरचे घेत सगळे अर्ध्या जोरावर, मग त्याच क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे लावलेला जोर भरला की 'टक्' वाजणाऱ्या पान्याने, ६०० न्यूटन मीटरपर्यंत. करत होता ते अगदी बरोबर होतं. फक्त हळू होतं. आणि माझं डोकं घड्याळात.

"सरक," म्हणालो. रेंच घेतला. टक्, पुढचा. टक्, पुढचा. तेवढ्यात पलीकडून हाक आली, दुसऱ्या एका गाडीत ब्रेकच्या हवेचा दाब ४ बारच्या वर चढेना. तेवढ्या हवेवर पार्किंग ब्रेकची स्प्रिंग सुटत नाही, म्हणजे गाडी जागची हलणार नाही. मी रेंच तिथेच टेकवला आणि पळालो. पोरानं पाहिलं, उस्तादांनी रेंच खाली ठेवला, म्हणजे झालं. त्याने रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणला, पुसला, पेटीत ठेवला. मीच शिकवलं होतं तसं. मी समजलो, उरलेले तो करेल. जॉब कार्डावर काम करणारा म्हणून त्याची सही, तपासणारा म्हणून माझी. मी तपासलं नाही. कशाला तपासू? मीच तर आवळले होते.

पुष्कळांना वाटतं चाक स्टडवर, म्हणजे नट ज्यांवर चढतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो, तो ताण चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्याला टेकतं त्या मधल्या भागावर, दाबून धरतो, आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. ताण कमी पडला की चाक किंचित सरकायला लागतं, मग प्रत्येक फेरीला स्टड वाकतात आणि शेवटी तुटतात. ताफा निघाला. चढावर त्या ट्रकच्या ड्रायव्हरला हादरे जाणवले, त्याला वाटलं रस्ता खराब आहे. मग त्याने आपल्याच गाडीचं चाक आपल्याला ओव्हरटेक करून जाताना पाहिलं. नट पुन्हा आवळायचा थांबा अजून २० किलोमीटर पुढे होता. चाक शेतात जाऊन पडलं, ट्रक ब्रेकच्या ड्रमवर बसला, मागे बसलेल्या एका जवानाचं मनगट मोडलं. तेवढ्यावर निभावलं.

चौकशीत विचारलं, नट कोणी आवळले? पोरगा म्हणाला, "मी, साहेब." मी त्याच्या शेजारी उभा होतो, हाताच्या अंतरावर. गप्प राहिलो. दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत त्याला हत्यारांपासून लांब ठेवलं, स्टोअरमध्ये फिल्टर मोजायला बसवलं. मी येता-जाता त्याला बघत होतो. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. त्याला कोणी "माफ कर" म्हटलं नाही, मीही नाही.

थोडं माझ्या बाजूनेही बोलू द्या. आदल्या आठवड्यात इन्स्पेक्शनसाठी गाड्या रंगवल्या होत्या आणि रंग चाक व हब जिथे टेकतात तिथपर्यंत फासला होता. असा थर दाबाखाली चेपतो आणि नीट आवळलेला नटही ढिला पडतो. तेव्हा दहाही नट पुरे आवळले असते तरी चाक गेलं असतं, असं म्हणता येईल. हे मी चौकशीत मांडलं, आणि ते चूक नव्हतं. पण ती जागा घासून साफ झाली आहे का हे तपासायचं काम कोणाचं होतं, हे मला कोणी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

त्या दिवसापासून हात खिशात. तपासणाऱ्यानेच काम केलं तर तपासायला उरतो कोण? बरोबर आहे ना? मलाही वाटायचं बरोबर आहे. मग एका थंडीत एक पोरगा रात्री चार तास गाडीखाली पडून एक कपलिंग काढत होता. मी केलं असतं तर पाऊण तास. मी बॅटरी धरून उभा राहिलो, काय करायचं ते तोंडाने सांगत राहिलो, हात लावला नाही. सकाळी त्याला बोटं मिटता येत नव्हती. तो शिकला, हे खरं. पण "सरक" म्हणणारा जुना मी तिथे असता तर त्या पोराला झोप मिळाली असती, हेही खरंच. त्या जुन्या माणसाशी माझं अजून भांडण चालू आहे आणि दर वेळी मी जिंकतो असं नाही.

चाकवाला पोरगा आता स्वतः टीम सांभाळतो. मध्ये त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "उस्ताद, एक विचारू? त्या रात्री तुमचे किती नट झाले होते?"

"सहा," म्हणालो.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला चार ऐकू आले होते."