आमची वाटचाल : दादरच्या दोन खोल्या आणि दूरवरचे रुग्ण

दादर पश्चिमेला दोन खोल्यांच्या जागेत आम्ही व्यसनमुक्ती उपचारांचे काम सुरू केले, तेव्हा येणारे बहुतेक दारूचे रुग्ण असत. कसारा, कर्जत किंवा विरारहून येणाऱ्याला प्रत्येक भेटीसाठी कामावर खाडा करावा लागे, आणि रोजंदारीवरचा माणूस दोन-तीन भेटींनंतर येईनासा होई. उपचार अर्धवट सुटण्याचे खापर सहसा रुग्णाच्या निश्चयावर फोडले जाते. आम्हाला ते कारण बुडालेल्या मजुरीत अधिक वेळा दिसले.

२५ मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याबाबत डॉक्टरांच्या मनात असलेली कायदेशीर धास्ती संपली. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोनसारखे औषध त्यांतील, दुरून लिहून देण्यास मनाई असलेल्या औषधांच्या यादीत येत नसल्यामुळे आमच्या मानसोपचारतज्ज्ञांना व्हिडिओवर तपासणी करून पुढचा पाठपुरावा दुरूनच करता येऊ लागला. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि नंतर भ्रमाची जीवघेणी अवस्थाही ओढवू शकते. अशा रुग्णाला आम्ही आजही रुग्णालयातच पाठवतो.

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, रुग्णांसाठी चित्र वेगळे आहे. त्यांना व्यसनापासून दूर, स्थिर ठेवणारे बुप्रेनॉर्फिन हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते आणि त्या कायद्यातील औषधे दूरस्थ सल्ल्यावर लिहून देण्यास मनाई आहे. या गोळीचा गैरवापर होतो, ती चोरून विकली जाते, हे आम्ही जाणतो, त्यामुळे पहिली तपासणी समोरासमोर व्हावी हा आग्रह आम्हाला मान्य आहे. परंतु कित्येक महिने स्थिर असलेल्या रुग्णालाही दर वेळी प्रवास करायला लावणे म्हणजे त्याला पुन्हा व्यसनाकडे ढकलणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये साथीच्या काळापुरती हेच औषध फोनवरील तपासणीनंतर सुरू करण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे निदान पाठपुराव्यापुरती तरी सवलत मिळावी.

दुसरी अडचण घरांची आहे. एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर समुपदेशकाशी बोलायचे कुठे? आमचे रुग्ण गच्चीवरून, जिन्यातून, फलाटाच्या टोकाला उभे राहून बोलत. स्त्रिया तर बहुधा कॅमेरा सुरूच करत नसत. म्हणून आम्ही बदलापूरच्या एका फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना दुपारच्या बंद वेळेत भाड्याने घेतला. तेथे परिचारिका रुग्णाचा रक्तदाब आणि हातांचा कंप पाहते, मग दार लोटून घेते आणि रुग्ण दादरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतो. हे भाडे आम्ही रुग्णाच्या शुल्कात धरत नाही. पुढची अशीच जागा आम्ही विरारला शोधत आहोत.