किंडर स्काउटवर आई आणि पोरांसोबत

ऑगस्टच्या शेवटी पोरांना आणि भारतातून आलेल्या आईला घेऊन इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टला गेलो, किंडर स्काउटवर. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीसमोर काहीच नाही, पण वारा असला की जॅकेटशिवाय उभं राहवत नाही. ईडेल गावातून निघालो, जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्यांवर आई दोनदा बसली, पण उतारावर जांभळं हेदर फुललेलं दिसलं आणि मग तीच सगळ्यांच्या पुढे.

वरच्या या उघड्या रानाला इथे मूर म्हणतात, ते म्हणजे नुसतं ओसाड माळरान असं मला आधी वाटायचं. पण पायाखाली पीट असतं, पाण्यात राहिल्यामुळे धड न कुजलेल्या शेवाळाचे आणि गवताचे थरावर थर, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढणारे. एका घळीत पीटची काळी भिंत उघडी पडली होती, जवळजवळ लेकीच्या उंचीएवढी. तिला म्हटलं, तुझ्या बुटांपाशी आहे ते हजारेक वर्षांपूर्वीचं. तर तिचा लगेच प्रश्न, मग शिवाजी महाराज कुठे? आईने वरून दीड वीत मोजली आणि बोट ठेवलं, इथे. ढोबळ हिशोब, पण अगदी बरोबर! मग पोरगी कितीतरी वेळ तिथेच.

हे पीट तयार करणारं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. आजूबाजूच्या शहरांतल्या गिरण्यांच्या धुराने, वणव्यांनी, मेंढ्यांच्या चरण्याने ते खूप ठिकाणी मेलं आणि जमीन उघडी पडली, म्हणून आता घळींमध्ये छोटे बांध घालतात, शेवाळ पुन्हा लावतात. पेनाइन वे या पायवाटेवर पीट तुडवलं जाऊ नये म्हणून मोठमोठ्या फरशा टाकल्यात, त्यातल्या कितीतरी जुन्या बंद पडलेल्या गिरण्यांमधून आणलेल्या. धाकट्याला सारखं बाजूच्या मऊ काळ्या चिखलात उडी मारायची होती, मी नाहीच म्हटलं, रडला तरी.

आणि हो, इथे पूर्वी साध्या माणसांना यायला बंदी होती, ग्राऊस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखीव रान. २४ एप्रिल १९३२ ला काहीशे लोक मुद्दाम चढून आले, पाच जण तुरुंगात गेले. आईला हे सांगितलं तर ती थांबली, वाटेकडे वळून नमस्कार केला आणि म्हणाली, चला, आता पोरांना भूक लागली असेल.