गुण्याची निवड: पेटीच्या कामाची पुढची नोंद

पेटीच्या चारही फळ्या रंधून एका जाडीच्या झाल्या आहेत आणि आता त्यांची टोके काटकोनात कापून डव्हटेलची, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या दातांनी एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याची, आखणी करायची आहे. त्याआधी हाताशी असलेल्या गुण्यांपैकी (गुण्या म्हणजे जाड दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेले पातळ पाते असलेले, काटकोन आखण्या-तपासण्याचे हत्यार) कोणावर विसंबायचे हे ठरवून घेतले, कारण आखणीत शिरलेला फरक करवत आणि पटाशी पुढे इमानाने गिरवतात.

माझ्याकडे तीन गुण्ये आहेत: लाकडी दांड्याचा ट्राय स्क्वेअर, सरकत्या पट्टीचा कॉम्बिनेशन स्क्वेअर आणि संपूर्ण पोलादी इंजिनिअर्स स्क्वेअर. तिघांची पाती साधारण १५० मिलिमीटरची आहेत. सुतारी गुण्यांसाठीचे ब्रिटिश मानक बीएस ३३२२ पात्याच्या दर सेंटिमीटरला ०.०१ मिलिमीटर फरक चालवून घेते, म्हणजे या लांबीला ०.१५ मिलिमीटर. यंत्रकामाच्या गुण्यांसाठीच्या डीआयएन ८७५ या जर्मन मानकात याच लांबीला सर्वांत सैल दर्जाची मर्यादा सुमारे ०.०३५ आणि त्याहून काटेकोर ‘०’ दर्जाची ०.००८ मिलिमीटर आहे. आकडे पाहून लगेच महागड्या गुण्याकडे धावण्याची गरज मात्र मला वाटत नाही. ०.१५ मिलिमीटरचा तोच फरक २० मिलिमीटर जाडीच्या फळीची कड तपासताना ०.०२ मिलिमीटर इतकाच उरतो, आणि तेवढा तर रंध्याच्या एका पातळ सालीत निघून जातो. पण तीच रेघ ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर वाढवत नेली, तर शेवटी ०.६ मिलिमीटरची तफावत उभी राहते, जी सांध्यात उघड दिसते.

तपासणीची उलटापालटीची रीत बहुतेकांना ठाऊक असेल. फळीच्या सरळ कडेला दांडा टेकवून सुरीने रेघ ओढायची, गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची आणि दोन्ही रेघा दुसऱ्या टोकाला किती फाकल्या ते पाहायचे. दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ०.३ मिलिमीटरची फाक म्हणजे गुण्यात ०.१५ मिलिमीटरचा दोष. पेन्सिल येथे निरुपयोगी आहे, कारण तिची रेघच अनेकदा या फाकेहून जाड असते. खरी मेख मात्र फळीच्या कडेत आहे. कड मध्ये किंचित पोकळ किंवा फुगीर असेल, तर दांडा दोन्ही बाजूंनी वेगवेगळा टेकतो आणि चांगला गुण्याही वाकडा ठरतो. म्हणून आधी दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींवर ठेवल्या, वरची फळी फिरवून पुन्हा ठेवली आणि दोन्ही वेळा मधून उजेड दिसेनासा झाल्यावरच रेघा ओढल्या.

ही रीत दांड्याची आतली कड आणि पाते यांच्यातल्या कोनाबद्दल सांगते. बाहेरचा कोन वेगळा तपासावा लागतो, आणि लाकडी दांड्याच्या गुण्यात तर आतला कोनच भरवशाचा धरावा. बाहेरच्या कोनासाठी सपाट जाड काचेवर दोन गुण्ये समोरासमोर उभे करून पात्यांच्या कडा भिडवता येतात. उजेड दिसला नाही, तर दोन्ही कोनांची बेरीज १८० अंश आहे एवढेच सिद्ध होते, एक ८९.९ आणि दुसरा ९०.१ अंशांचा असला तरी ते तितकेच छान जुळतील. तीन गुण्ये जोडीजोडीने असे जुळले, तरच प्रत्येक कोन ९० अंशांचा ठरतो. कोणत्याही मोजमापाच्या उपकरणाशिवाय मिळणारा हा निकाल मला फार आवडतो.

निकाल असा की इंजिनिअर्स स्क्वेअरच्या दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, तेव्हा तो आता केवळ पडताळणीसाठी डब्यात राहील. कॉम्बिनेशन स्क्वेअर खाचेतला भुसा झटकून आणि पट्टी घट्ट आवळून तपासला, तेव्हा त्याच्या जवळपास पोहोचला. रोजची आखणी त्याच्यावर होईल, मात्र पट्टी सरकवली की खाच पुसायची. ट्राय स्क्वेअरमध्ये बारीक पण स्पष्ट फाक दिसली. तो फळ्यांच्या कडा तपासण्यापुरता ठेवला आहे, कारण तेवढ्या आखूड अंतरावर त्याचा दोष जाणवत नाही.

झाकणाची फळी रुंद असल्याने तिला यांपैकी एकही पुरत नाही. त्यासाठी लाकडाचा मोठा गुण्या करायला घेतला आहे. सरळ रेषांच्या, नीट वाळलेल्या लाकडाचे पाते दांड्याच्या खाचेत चिकटवले आहे. सरस वाळला की उलटापालटीने फाक पाहून पात्याची कड रंध्याने जिथे जास्त तिथे उतरवत नेईन. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर हलते, त्यामुळे हा गुण्या प्रत्येक मोठ्या आखणीआधी नव्याने तपासावा लागेल.